एका पंपाच्या दोन पाळ्या

"खोली इकायची नाय... म्हंजे नाय! माझं मढं उचल... आन मग इक!"

दौलत एवढं बोलला खरा, पण एका दमात नाही. मधे दोनदा थांबला, खाटेची कड धरली, मान पुढं काढून वारा ओढला. नवरा-बायकोच्या भांडणात बाईमाणसाचा आवाज चढतो, पुरुषाचा हात. दौलतचं ना हे उरलं होतं ना ते. चार शब्द बोलायचे तर चार वेळा छातीची परवानगी काढायची.

कमल दारात उभी होती. तिनं पदर खोचला.

"मढं उचलायला चार मानसं लागतात. त्यांच्या च्याला साखर लागते. ती कुटनं आनू? तुमी पंप वडा नुस्ता, आन मी पाटल्या मोडते."

"मग नको आनू पंप!"

"आननार नाय! शामराव सुक्कारी कागुद घेऊन येनार हायत. खोली दिली की जाऊ गावाला. थितं फुकटचा वारा हाय."

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर हे चाललं होतं, आणि सारा माळा कान देऊन होता. चाळ म्हणजे उभं केलेलं गावच की. गावात वाड्या आडव्या, इथं एकावर एक. कुणाच्या तव्यावर काय पडलं ते खालच्याला वासानं कळतं, कुणाच्या संसारात काय पडलं ते वरच्याला आवाजानं.

वैशाख तापला होता. पत्रे कडकडत होते. खालच्या गल्लीत मसाल्याचे डंके धाडधाड पडत होते, भाजल्या धण्याचा आणि मिरचीचा वास भिंतींना चिकटून बसला होता. अशा दिवसांत लालबागची हवा साध्या माणसालाही ठसका देते. ज्याच्या छातीत आधीच गिरणी बसलीय, त्यानं काय करावं?

गॅलरीच्या पार टोकाला, वारा पाठीशी घेऊन, गुणाजीची लक्ष्मी मिरच्यांचं पोतं घेऊन बसली होती. मिरचीचा देठ मोडून टाकायचा, मिरची एकीकडं, देठ दुसरीकडं. किलोमागं दुकानदार काही देत असे. बोटांची सालं गेली होती. आतल्या दोन छात्यांना झणका लागू नये म्हणून ती टोकाला बसे. आता बघा कशी गंमत. मिरचीनं नवऱ्याचा दमा उसळायचा, आणि त्या दम्याचा पंप मिरचीच्याच पैशातून यायचा. ती गुणगुणत होती, आपल्याशीच:

मिरची खुडिते बाई, बोटांना लागे आग,
धन्याच्या उरामंदी सुतानं मांडला माग.

गुणाजी आपल्या दारात उकिडवा बसला होता. दौलत त्याचा जोडीदार. सख्खा भाऊ नव्हे, पण भाऊ तरी काय वेगळा असतो? एकाच गावचे दोघे. गुणाजी आधी मुंबईला आला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. दोन वर्षांनी दौलतला त्यानंच आणला, बदली कामगार म्हणून चिकटवला, हाताला धरून साचा शिकवला. पुढं वीस वर्षं दोघांनी तेच चार साचे चालवले. पहिल्या पाळीला गुणाजी, दुसऱ्या पाळीला दौलत. भोंगा झाला की एक हात काढायचा, दुसरा हात घालायचा. साच्याला कळत नसे माणूस बदलला म्हणून.

मग संप आला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं, आणि मिटला तेव्हा गिरणीच मिटली. त्यालाही आता सतरा-अठरा वर्षं झाली. गिरणीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. सूत गेलं, सुताचा बाजार गेला. राहिलं ते या दोघांच्या छातीत.

चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं पंप लिहून दिला. औषधवाल्यानं गडबडीत सांगितलं, "तोंडात धरा, दाबा, ओढा." गुणाजी घेऊ लागला. वर्षभरानं दौलतचीही छाती भरली. त्यालाही तोच पंप, आणि शिकवायला पुन्हा गुणाजीच. पण दोन घरांत दोन पंप म्हणजे दोन घरांचा तांदूळ. तेव्हा दोघांनी साच्याची रीत लावली. एक पंप, दोन पाळ्या. सकाळी गुणाजीच्या घरी, दुपारनंतर दौलतच्या. टमरेलात पाणी घेऊन पंपाची डबी त्यात सोडायची, बुडाली तर भरलेली, तरंगली तर संपली. तरंगली तरी चार दिवस अजून दाबायची. एवढं राखून-राखून वापरूनही महिन्याला दोन पंप लागायचे, आणि छाती होती तिथंच होती. आता पंपाची किंमत वाढली, औषधवाल्यानं उधारी बंद केली, कमलच्या अंगावर मोडायला काही उरलं नाही. उरली होती ती खोली.

"वयनी," गुणाजी उठून दाराशी आला, "शामरावला सुक्कारपातूर थोपव. उद्या गुरवार हाय. परळच्या म्युन्शिपालटीच्या इस्पितळात गुरवारी छातीचे डागदर बसतात. मी जातो. माझ्या नावावं पंप लिवून घेतो, थितं सस्तात देतात. जमलं तर दोन घेतो. खोली इकायची येळच येनार नाय."

"आन नाय जमलं तर?"

"तर शामरावला च्या मी पाजीन."

कमल हसली नाही. पण "बरं," म्हणाली. "भावोजी, सुक्कारपातूर. म्होरं नाय."

आतून दौलत म्हणाला, "गुण्या... माझी पाळी... झाली काय रं?"

गुणाजीनं खिशातला पंप काढून त्याच्या हातात दिला. "घे. आजची पुरी पाळी तुझी. उद्या सकाळी तेवढा दे माझ्याकडं, डागदरला दावाया लागंल. तोवर तुझ्याजवळ तो तरंगलेला जुना हायेच."

लालबागहून परळ म्हणजे धडधाकट माणसाला पान खाऊन होईस्तोवरची वाट. गुणाजी पाच ठिकाणी बसला. एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा देवळाच्या कट्ट्यावर, एकदा तर रस्त्याच्या कडेला पडलेल्या पाइपवर. बसल्या जागेवरून त्याला त्याच्या गिरणीची चिमणी दिसत होती. तेवढीच ठेवली होती, शोभेला. धूर नव्हता तिच्यात. तिचाही श्वास गेलेला.

इस्पितळात नंबर लागायला साडेअकरा झाले. डॉक्टरांनी छाती ऐकली, चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं, "त्या बाईंकडं जा, नळीत फुंकून या."

त्या बाई म्हणजे बकुळा. वरळीच्या कोळीवाड्यातली, सावळी, हसऱ्या डोळ्यांची, केसांत अबोलीचा एवढासा तुकडा. यंत्राची नळी तिनं गुणाजीच्या तोंडात दिली. "फुंका, काका. जोरात! अजून, अजून, अजून!" गुणाजीनं जीव काढून फुंकलं. यंत्रानं कागदावर बारकीशी टेकडी काढली. टेकडी कसली, वारूळ.

"पंप घेता ना?"

"चार वर्सं झाली."

"मग घेऊन दाखवा बघू."

गुणाजीला बरं वाटलं. यात तरी कुणी त्याला नावं ठेवणार नव्हतं. त्यानं पंप हलवला, कानाशी नेला, तोंडात धरला, दाबला आणि ओढला. चटकन, आखूड, जिभेच्या शेंड्यानं. च्चक! गाल फुगवून क्षणभर थांबला, इकडंतिकडं पाहिलं, बेसिनपाशी गेला आणि थुंकला.

बकुळाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं.

"परत दाखवा."

त्यानं परत दाखवलं. च्चक. थू.

"काका, थुंकलात का?"

"कडू आस्तं ना, बाय. आन आत जाऊन कसं चालंल?"

"आत म्हणजे कुठं?"

"छातीत."

"अहो काका," बकुळा खुर्चीवरून उठलीच, "छातीतच तर जायला हवं! औषध छातीचं आहे. तोंडाचं नाही!"

गुणाजी आधी हसला. पोरगी थट्टा करते आहे असंच त्याला वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला, आणि हसू ओठांवरून उतरलं. तो सांगू लागला.

साच्यावर धोटा असतो. नावेच्या आकाराचा, लाकडी, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातून बाहेर काढायचं. बोट जात नाही, सुई लावायला वेळ नाही, साचा थांबला की मजुरी थांबली. मग धोट्याला तोंड लावायचं आणि धागा ओढायचा. च्चक! धाग्याबरोबर खळीची भुकटी येते, सुताचं कुसळ येतं. ते गालात धरायचं आणि थुंकायचं. दिवसात दोनशे-तीनशे वेळा. पहिल्याच दिवशी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, कानाखाली दोन ठेवून शिकवलं होतं: तोंडानं ओढ, छातीत घेऊ नको. छातीत घेतलंस तर मेलास.

"आनि जे छातीत घेत व्हते ते खरंच मेले, बाय," गुणाजी म्हणाला. "मी नाय घेतलं. म्हून जगलो."

 बकुळानं त्याचा हात आपल्या हातात घेतला. "काका, आता शिकू या. आधी सगळा श्वास सोडा. रिकामे व्हा. मग हळू ओढा, ओढता ओढता दाबा, आत घ्या आणि धरून ठेवा. मी दहा मोजते."

नाही जमलं. पंपाची नळी ओठाला लागली की गळा आपोआप मिटायचा. गुणाजीचं मन ऐकत होतं, गळा ऐकत नव्हता. गळ्याला जॉबरची शिकवण होती. सात वेळा केलं, सातही वेळा च्चक.

मग बकुळानं टेबलाखालून प्यायच्या पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली काढली. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक होतं. तिनं पंप बुडात घट्ट बसवला आणि बाटलीचं तोंड गुणाजीच्या ओठांत दिलं. "आता पंप विसरा. ओढू नका, चोखू नका. झोपेत घेता तसा नुसता श्वास घ्या."

तिनं पंप दाबला. बाटलीत पांढरं धुकं भरलं. गुणाजीनं डोळे मिटले. बाटली काही धोटा नव्हती. गळ्याला कळलं नाही, आणि गळा उघडा राहिला.

धुकं आत गेलं.

गावाकडं खाडीच्या काठी खाजणाच्या बांधाला उघाडी असते, लाकडी फळीचं दार. भरतीच्या वेळी फळी उचलली की पाणी आधी बिचकत आत शिरतं, मग पसरतं, मग चिरलेल्या काळ्या मातीच्या भेगाभेगांत जातं आणि माती बुडबुडे सोडत पिते. पाव तासानं गुणाजीच्या छातीत तसंच झालं. ज्या कोपऱ्यांना वर्षानुवर्षं वारा लागला नव्हता तिथं वारा पोचला. त्याला हुंदका आला. तोही पुरा आला.

पुन्हा फुंकल्यावर कागदावरचं वारूळ चांगलं दोन बोटं उंच झालं.

"महिन्याला किती पंप लागतात?" बकुळानं विचारलं.

"दोन."

"असा घेतलात तर एक सहज पुरेल, उरेलसुद्धा. आणि ही बाटली फुकटची. कुणालाही करून देता येईल. सळई तापवायची आणि भोक पाडायचं."

"म्हंजे दोनाचं काम एकात?"

"दोनाचं कसलं, काका?" ती हळूच म्हणाली. "तुमच्या छातीला आजवर एकही मिळाला नव्हता."

परतीच्या वाटेवर गुणाजी एकदाही बसला नाही. पण पाय हलके असून चालणं जड होतं. चार वर्षांचे पंप. लक्ष्मीच्या बोटांची सालं. पोत्यांमागून पोती खुडलेल्या मिरच्या. सगळं रोज मोरीत थुंकलं, वर पाण्याचा तांब्या ओतला, आणि म्हणाला, आज जरा बरं वाटतंय. आणि दौलत? दौलतला धोटा कुणी शिकवला? आणि पंप? ज्या तोंडानं एक शिकवलं त्याच तोंडानं दुसरं.

एवढंच बरं, असं त्यानं मनाला सांगितलं, की आज गुरुवार आहे. शुक्रवार अजून उजाडायचाय. एका बाटलीनं खोली राहील.

तिसऱ्या माळ्यावर पोचला तेव्हा लक्ष्मी गॅलरीत नव्हती. मिरच्यांचं पोतं तसंच उघडं. दौलतच्या दारात चपलांची गर्दी होऊन गेल्याच्या खुणा होत्या. कमल उंबऱ्यावर बसून राखेनं अंगठा घासत होती. अंगठ्याची निळी शाई निघत नव्हती.

 "वयनी, ह्ये काय?"

"झालं," कमल म्हणाली. "दिली."

"सुक्कार म्हनालीस ना!"

"दम सुक्काराची वाट बगतो काय, भावोजी?" ती घासतच होती. "बाराच्या टायमाला छाती दाटली. जुना पंप घेतला. बारा डाव दाबला. बारा! मी मोजलं. वडायचे, थुंकायचे, परत वडायचे. व्हट निळे पडले. लक्षुमीनं डागदर आनला, त्यानं सुई टोचली. जाताना म्हनाला, ह्यांना हितं ठेवू नका, परत असं झालं तर वाचत नाय. आन मी शामरावला निरोप धाडला. कागुद त्याच्या खिशातच व्हता मेल्याच्या."

"येक दिस..."

"येक दिस थांबले असते तर रांडाव झाले असते."

आत दौलत भिंतीला टेकून बसला होता. लक्ष्मी त्याची पाठ चोळत होती. सुईचा गुण आता उतरत आला होता, छाती पुन्हा शिट्टी वाजवू लागली होती. गुणाजीनं पिशवीतली बाटली काढली. पंप बसवला. "दौलत, वडू नको. झोपल्यागत श्वास घे. थुंकू नको. माझी आन हाय, थुंकू नको."

एकदा दिलं. थांबून पुन्हा दिलं. खोलीत चौघं होती आणि चौघंही त्या एका छातीकडं बघत होती. हळूहळू शिट्टी बारीक झाली. मग बंद झाली. दौलतनं खांदे खाली सोडले. कितीतरी महिने ते कानाला चिकटलेले होते.

"गुण्या," तो म्हणाला, "कोनचं औषद रं ह्ये? भारीतलं दिसतंय. इदेशी हाय काय?"

"त्योच पंप हाय."

"त्योच?"

"त्योच. आपन आतापातूर छातीत घेतच नव्हतो. धोट्यागत वडून थुंकत व्हतो."

दौलतनं त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, आणि गुणाजीला तेच सोसवेना.

"थुंकायला कुनी शिकवलं रं मला?"

"मी."

कमल उंबऱ्यावरून उठली. कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेली आणि वाकून तिच्या भोकात बघत राहिली, जणू पडलेली वस्तू शोधते आहे. "म्हंजे माझ्या पाटल्या ह्यातनं गेल्या," ती म्हणाली. "बोरमाळ ह्यातनं गेली. आन आता खोली बी ह्यातनंच गेली म्हना की."

लक्ष्मीनं तोंडात पदर कोंबला.

गुणाजी तडक शामरावकडं गेला. हात जोडले, पाय धरायचे तेवढे राहिले. शामराव माणूस वाईट नव्हता, दलाल होता. "गुणाजी, पार्टीनं इसार दिलाय. त्यातनं कमलनं औषधवाल्याचं दिलं, डागदरचं दिलं. फिरायचं म्हणजे दुप्पट भरायचं. भरतोस काय तू? तुला वाटत आसंल माज्या जिवाला बरं वाटतंय. बाबा, कागद बोलतो, आपण नाय बोलत."

गुणाजीनं खिशात हात घातला. खिशात बकुळानं दिलेली चिठ्ठी होती, दुसरं काही नव्हतं.

दहा दिवसांनी टेम्पो आला. भांडी, ट्रंक, गाद्या खाली गेल्या. चाळीतल्या चौघा गड्यांनी खुर्चीला दोन बांबू बांधून आणले होते. दौलत अकरा महिन्यांत माळ्यावरून खाली उतरला नव्हता. त्याला बसवून न्यायचं, असं ठरलं होतं. कमलनं खुर्चीवर गोधडीही घातली.

दौलत बाहेर आला. दहा दिवस त्यानं बाटलीतून सकाळ-संध्याकाळ औषध घेतलं होतं, आता त्याच्या वाट्याचा पंप इस्पितळातून वेगळा आला होता. खुर्चीकडं त्यानं पाहिलं. "कुनाला बसवताय हिच्यावं?" म्हणाला, आणि कठड्याला धरून चालू लागला.

पहिला जिना उतरला, थांबला, श्वास घेतला. दुसरा उतरला. गॅलरीतल्या बायका वाकून बघत होत्या. कुणी म्हणालं, "अगो, चालतोय की!" कमल मागून येत होती. प्रत्येक पायरीला नवऱ्याकडं बघायची आणि प्रत्येक पायरीला तिला रडू फुटायचं. आनंदाचं म्हणावं तर आनंदाचं, आणि नव्हे म्हणावं तर नव्हेही. हा माणूस जिना उतरू शकतो. म्हणजे चढूही शकला असता. म्हणजे या घरात राहू शकला असता. तिच्या मागून चार गडी रिकामी खुर्ची घेऊन येत होते. शेवटच्या जिन्यावर त्यांतल्या एकानं खुर्चीवर पाटा-वरवंटा ठेवला. बांबू फुकट जायला नकोत.

दौलत टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसला. गुणाजी खिडकीशी उभा होता.  "माफ कर" हा शब्द दोघंही साच्यावर कधी शिकलेच नव्हते. खालचा डंका धाडधाड पडत होता, मिरचीचा झणका आला आणि दोघंही एकदम खोकले. मग दोघंही हसले, जरासं.

"गावाला हवा लय चांगली हाय म्हनतात," दौलत म्हणाला.

"हाय तर."

"आन आता ती घ्यायला बी येते मला." त्यानं बाटली मांडीवर नीट उभी धरली. "मुंबईत चाळीस वर्सं काडली, गुण्या. जाता जाता येवढं तरी शिकलो."

टेम्पो सुरू झाला. काळा धूर सोडून वळणावर गेला. गुणाजी तिथंच उभा राहिला. धूर नाकाशी आला, पण या वेळी त्यानं जॉबरनं शिकवल्यागत श्वास रोखला नाही. छाती भरून तो आत घेतला. वर तिसऱ्या माळ्यावर लक्ष्मीनं मिरच्यांचं नवं पोतं उसवलं होतं.